वेचणीच्या दिवसांतला रविवार: नागपूरजवळच्या एका कला केंद्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपूर जिल्ह्यातल्या, काटोलकडच्या एका गावातले आहे. गावाचे आणि माणसांची नावे गाळली आहेत. दोनचार खुणाही मुद्दाम बदलल्या आहेत, कारण लहान गावात 'रोटीवाल्या मावशी' एवढे म्हटले तरी घर सापडते. केंद्राच्या पाच जणांच्या समितीत मी सुरुवातीपासून आहे. राहतो नागपुरात. खाली ज्या चुका येतील त्यांतल्या बऱ्याच माझ्याच आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

नागपूरहून गाव साधारण ४० किलोमीटर. एका बाजूला संत्र्याचे बगीचे, दुसरीकडे कापूस, सोयाबीन आणि तूर. सहकारी सोसायटीचे खताचे जुने गोदाम बरीच वर्षे रिकामे पडले होते. गावातले चित्रकलेचे एक निवृत्त गुरुजी, बचत गटातल्या तिघी जणी आणि मी, अशा पाच जणांनी ते नाममात्र भाड्याने घेतले, चुना मारला आणि त्याला कला केंद्र म्हणू लागलो. पहिल्या वर्षी आत शिरले की युरियाचा वास यायचा.

कल्पना साधी होती. गावातल्या बायका आणि पोरे आठवड्यातून दोन दुपारी शिकतील. बांबूचे काम काका शिकवतील, जे बुरूड घरातले आणि परिसरातले सूप-टोपल्यांचे जुने कारागीर. स्वयंपाक मावशी शिकवतील. लंबी रोटी, म्हणजे उपड्या मडक्यावरची रोटी, करावी तर मावशींनीच, असे पंचक्रोशीत बोलले जायचे. गोधडी बचत गटातल्या बायका शिकवतील. गावातल्यांना महिन्याला ५० रुपये, तेही जमले तर. आणि रविवारी नागपूरकरांसाठी दिवसभराचा वर्ग, जेवणासकट ८०० रुपये. शहराच्या पैशावर गावाचे वर्ग चालतील, असा हिशोब. कागदावर तो बरोबर बसत होता.

पहिला हिवाळा छान गेला. सकाळी तर्री पोहे, मग वर्ग, दुपारी पंगत, जाताना पिशवीत संत्री. माणसे खूश होऊन जायची आणि पुढच्या रविवारी मित्रांना धाडायची.

अडचण

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी नागपूरहून १४ जण आले. शिकवायला चौघे जण यायचे होते. आल्या एकट्या मावशी, आणि त्याही अकरा वाजता म्हणाल्या, "मले जा लागते. सून वेचणीले गेली, पोट्टं घरी एकटं हाय." त्या गेल्या. मळलेले पीठ परातीत राहिले. मी आणि गुरुजींनी ते मडक्यावर टाकायचा प्रयत्न केला. रोटी निम्मी मडक्यावर, निम्मी चुलीत. शेवटी सगळ्यांना गोळाभात वाढला. तो बरा झाला होता, पण गोळाभात शिकायला कोणी पैसे भरले नव्हते. दोघांनी पैसे परत मागितले. दिले.

त्या रात्री मी हजेरीचे रजिस्टर घेऊन बसलो. ते आधीच नीट पाहिले असते तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. जून-जुलै कोरे. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत जवळजवळ कोरे. फेब्रुवारी ते मे भरगच्च. आणि शहरातल्या नोंदणीचे रजिस्टर शेजारी ठेवले तर बरोबर उलटे: डिसेंबर-जानेवारीत जागा मिळत नाही, एप्रिल-मेमध्ये एकही नाव नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कोण येतो चुलीपुढे बसायला!

समितीच्या बैठकांत आम्ही वर्षभर एकच वाक्य म्हणत होतो: "गावातल्या बायकांना रस नाही." रस नाही कसा? वावरात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची कापसाची पूजा, झाली, वेचणी लागली, की घरात थांबते कोण? कापूस किलोवर वेचतात. आमच्या गावात त्या वर्षी किलोमागे १० रुपये भाव होता आणि हात चालणारी बाई संध्याकाळपर्यंत ४० किलोपर्यंत वेचायची. आम्ही रविवारचे मानधन देत होतो ३०० रुपये, शिवाय आदल्या दिवसाची दळण-चाळण फुकट. म्हणजे आमच्याकडे शिकवायला येणे हे त्या बायकांसाठी दिवसाला १०० रुपयांचे नुकसान होते, आणि आम्ही त्याला मानधन म्हणत होतो.

दुसरी अडचण शिकवण्याचीच होती. शहरातल्या मंडळींची एकच तक्रार: मावशी प्रमाण सांगत नाहीत. "पीठ किती?" "लागते तेवढं." "पाणी?" "पीठ मागते तेवढं." घरी जाऊन कोणालाच जमत नव्हते.

बांबूचे त्याहून वेगळे. काका म्हणायचे, सूप आलं तं सारं आलं, म्हणून सुरुवात सुपानेच. शहरातल्यांना दिव्याची झुंबरे हवी होती. गावातल्या पोरांना दोन्ही नको होते. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही शाळेच्या सुट्या पाहून मे महिन्यात वर्ग लावला. बांबू वाळून खडखडीत झालेला, कामट्या, म्हणजे बांबूच्या पातळ पट्ट्या, वाकवताना तडकायच्या, तडकलेल्या धारेने एका दिवसात चार बोटे कापली. काकांनी आधी सांगितले होते की ओला बांबू पाहिजे, पावसाळ्यानंतरचा. आम्हाला ते नखरे वाटले.

आणि एक गोष्ट जी रजिस्टरात नव्हती. काका आपला डबा गोदामाच्या ओट्यावर बसून खायचे. आम्हाला वाटायचे, त्यांना मोकळी हवा आवडते. गुरुजींनी एक दिवस हळूच सांगितले, आत पंगतीत त्यांना कोणी बोलावलेच नाही. गटातल्या दोघींना ते चालणार नव्हते आणि काकांना ते ठाऊक होते. दीड वर्ष हे आमच्या डोळ्यांसमोर चालले होते.

समोर असलेले पर्याय

डिसेंबरच्या सुरुवातीला समितीची बैठक झाली. चांगली चार तास चालली. पर्याय बरेच आले, काही हास्यास्पदही.

एक, हस्तकला बंद करून फक्त स्वयंपाकाचे वर्ग ठेवायचे. पैशाच्या दृष्टीने हेच सोपे होते. पण मग ते केंद्र राहिले नसते, सहलीची खानावळ झाली असती.

दोन, लोक मागतात तेच द्यायचे. नागपूरजवळ खाण्याचा वर्ग म्हटला की लोक सावजी मटण मागतात. काळा मसाला, जवसाचे तेल, वर भिवापुरी मिरचीचा ठसका. नोंदणी हातोहात झाली असती. मावशींनी एका वाक्यात निकाल लावला: "थो कोष्ट्यायचा मसाला हाय, आपला नोहे." बरोबर होते. सावजी ही नागपुरातल्या हलबा कोष्टी विणकरांच्या वस्त्यांतली चव. ती आमच्या गावच्या नावाने विकणे म्हणजे दुसऱ्याच्या घरचा पाहुणचार आपल्या ताटात वाढणे. शिवाय गोदामाला लागून मारुतीचे देऊळ आहे. तिथे मटण शिजवायचे की नाही हा वाद ओढवून घ्यायला कोणी तयार नव्हते.

तीन, शहरातल्यांना वेचणीच दाखवायची. समितीतल्या एका उत्साही सदस्याने सुचवले: 'कापूस वेचण्याचा अनुभव', माणशी ५०० रुपये. यावर गटातली एक जण जे बोलली ते मी वहीत लिहून ठेवले: "आमी वेचतो तं मजुरी, आन् थे वेचतीन तं तिकीट?" हा पर्याय तिथेच मेला. सुचवणारा सदस्य मीच होतो.

चार, शहरातून शिकलेली शिक्षिका आणायची. हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम केलेल्या, ग्रॅम-मिलिलिटरमध्ये बोलणाऱ्या एका बाई नागपुरात ओळखीच्या होत्या. प्रमाणाची तक्रार मिटेल आणि वेचणीच्या दिवसांत खाडाही होणार नाही.

पाच, वर्षाचे वेळापत्रकच मोडून नव्याने बांधायचे. गुरुजी हे म्हणत होते. त्यात हिवाळ्याचे उत्पन्न बुडणार हे उघड होते, म्हणून कोणी फारसे ऐकून घेतले नाही.

आम्ही चौथा पर्याय निवडला. मावशींना न विचारता. त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांना 'मदतीला' ठेवले.

चुकलेला निर्णय

दोन रविवार नव्या बाईंनी घेतले. वर्ग नेटके झाले. छापील कागद, मोजमाप, वेळेवर सुरुवात, वेळेवर शेवट. लोकांनी कौतुक केले. त्या बाईंचा यात काही दोष नाही. त्या मनापासून शिकवत होत्या आणि मावशींशी आदराने वागत होत्या. पण चित्र असे दिसत होते: पुढे त्या उभ्या, मागे पाटावर मावशी पीठ मळताहेत, आणि त्या मावशींकडे हात करून सांगताहेत, "हे बघा, पीठ असे झाले पाहिजे."

तिसऱ्या रविवारी मावशी आल्या नाहीत. निरोप धाडला तर उत्तर आले, गुडघे दुखतात. चौथ्या रविवारीही गुडघेच. मग गटातल्या एकीने खरे सांगितले. मावशी घरी म्हणाल्या होत्या, "थे बाई माह्याच रोटीचं वजन मले सांगून राह्यली."

त्यांच्यावाचून रोटीही होईना. मोजमाप कागदावर होते, पण मडक्यावर टाकताना सगळ्यांची फाटत होती, नव्या बाईंचीही. त्यांनीच मला बाजूला घेऊन सांगितले, "हे मला शिकवता येणार नाही. मला हे शिकायचं आहे." त्या प्रामाणिकपणाची मला आजही कदर आहे.

काय केले

मी आणि गुरुजी मावशींच्या घरी दोनदा गेलो. पहिल्यांदा चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, मुद्द्यावर कोणी आलेच नाही. दुसऱ्यांदा मी माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "ते जाऊ द्या जी," आणि मग चार अटी सांगितल्या. म्हणजे तयार ठेवलेल्याच होत्या. गहू लोकवन, आणि दळण त्या सांगतील त्याच चक्कीवरून. मडकी त्या स्वतः कुंभाराकडे जाऊन, वाजवून आणणार. वर्गात त्यांच्यामध्ये आणि शिकणाऱ्यांमध्ये कोणी उभे राहायचे नाही. आणि मजुरी वेचणीच्या चांगल्या दिवसाएवढी, वर्षभर, वेचणी असो वा नसो. मानधन हा शब्द त्यांनी वापरला नाही. मजुरीच म्हणाल्या. आम्हीही तेव्हापासून तोच शब्द वहीत लिहितो.

प्रमाणाचा प्रश्न सुटला तो त्यांच्या नातीमुळे. नववीतली मुलगी, शाळेच्या प्रयोगवहीची सवय. तिने आजीला न थांबवता शेजारी वजनकाटा ठेवला आणि दहा वेगवेगळ्या दिवशी आजीने घेतलेले पीठ, मीठ, पाणी टिपले. निष्कर्ष मजेशीर होता. पिठाची ओंजळ दहाही वेळा जवळजवळ सारखी. मीठही. पाणी मात्र दरवेळी वेगळे, आणि बऱ्याच फरकाने. म्हणजे 'पीठ मागते तेवढं' हे उडवाउडवीचे उत्तर नव्हते, तेच नेमके उत्तर होते. जुना गहू, नवा गहू, दळण जाड की बारीक, हवा कोरडी की दमट, त्याप्रमाणे पीठ कमीजास्त पाणी पिते.

मग कागद नव्याने लिहिला. पीठ ग्रॅममध्ये, मीठ ग्रॅममध्ये. पाण्यापुढे आकडा नाही, खूण आहे: हात वर उचलला की पिठाची दोरी सुटली पाहिजे आणि ती लगेच तुटता कामा नये. घरी का जमत नव्हते हेही यातून कळले. लोक पाकिटातली चक्कीची कणीक वापरत होते. तिच्यातला कोंडा ताणलेल्या पिठाला मध्येच कापतो. मावशी पीठ बारीक कापडातून वस्त्रगाळ करतात, पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी सैल भिजवतात, आपटून आपटून मळतात आणि मग झाकून मुरू देतात. गव्हातल्या चिकटपणाचे धागे पाण्यात सुटे होऊन एकमेकांत गुंततात, ते याच वेळात. मग गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत पातळ रुमालासारखा होतो आणि मडक्यावर पडतो. हे सगळे मावशींना आधीपासून माहीत होते, फक्त असल्या शब्दांत नाही.

गॅसचाही धडा मिळाला. धूर होतो म्हणून आम्ही मडके गॅसच्या शेगडीवर ठेवून पाहिले होते. आच फक्त मडक्याच्या माथ्याला लागली, कडा गार राहिल्या, रोटी मध्ये करपली आणि काठाला कच्ची. लाकडाच्या चुलीत जाळ आतून सगळीकडे फिरतो. म्हणून गोदामामागे पत्र्याची शेड घातली आणि चुली तिकडे नेल्या. बाकीच्या रांधपासाठी गॅस ठेवला, पण त्यातही आमचा गाढवपणा बाहेर आला: वर्षभर आम्ही कोणाच्या तरी घरचे १४.२ किलोचे लाल सिलिंडर वापरत होतो. पैसे घेऊन चालवलेल्या वर्गात घरगुती सिलिंडर चालत नाही. गॅस एजन्सीत काम केलेल्या एका शिकणाऱ्याने जेवता जेवता ते लक्षात आणून दिले. १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर घेतले. खर्च वाढला, झोप लागू लागली. कुरडया-पापड विकायचे ठरले तेव्हा अन्न परवान्याची नोंदणीही करून टाकली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्षाला १२ लाखांच्या आतल्या उलाढालीला साधी नोंदणी पुरत होती आणि शुल्क वर्षाला १०० रुपये. एवढ्याशासाठी आम्ही वर्षभर टाळाटाळ केली होती.

आता वेळापत्रक. गुरुजींचा पर्याय शेवटी सगळ्यांनीच उचलला. यावेळी सुरुवात बायकांपासून केली. गोदामाच्या भिंतीवर खडूने बारा महिने लिहिले आणि विचारले, तुमाले कवा सवड असते? पेरणी-निंदणीचे जून, जुलै आधी खोडले. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत वेचणी. तेही बहुतेक खोडले. ज्यांच्याकडे संत्र्याचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी फुलणारा, होता त्यांनी फेब्रुवारी-मार्चमधल्या तोडणीचे दिवस खोडले. उरलेल्या महिन्यांत कोणते काम कोणत्या ऋतूचे, ते त्याच भरत गेल्या.

मार्च-एप्रिल वाळवणाचे. कुरडया, शेवया, ज्वारीचे पापड, मुंगवड्या आणि सरगुंडे. सरगुंडे म्हणजे काडीवर पीठ गुंडाळून वाळवायचे आणि मग आमरसाबरोबर खायचे. शहरातल्या कितीतरी जणांनी ते आजोळी शेवटचे खाल्लेले असतात. वर्ग पहाटे साडेपाचला सुरू आणि नऊला बंद. "एप्रिलमध्ये कोणी येत नाही" हे आमचे मत वेळेबद्दल खरे होते, ऋतूबद्दल खोटे. पहाटे यायला माणसे तयार होती, आणि वाळवण म्हणजे उन्हाचेच काम. फक्त रात्री मुक्कामाची सोय करावी लागली.

श्रावणात तान्हा पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याच्या, आधीचे दोन आठवडे सुताराकडून लाकडी नंदी आणून पोरांचा रंगकामाचा वर्ग. गुरुजींचा जीव त्यातच. आपण रंगवलेला नंदी घेऊन पोरगे घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे-खाऊ, मागते, तेव्हा त्याची मान पाहावी.

बांबू पावसाळा संपल्यावर, ओला मिळतो तेव्हा. पहिल्या दिवशी हातात कोयता द्यायचा नाही, काकांनी काढलेल्या कामट्यांवर फक्त विणायचे. दुसऱ्या दिवशी फोडणे. झुंबर पाहिजे असेल तर आधी एक परडी पूर्ण करायची. ही अट काकांची, आणि ती पाळली जाते. बोटे कापायचे प्रमाण जवळजवळ संपले.

वेचणीच्या महिन्यांत फक्त पाच रविवार ठेवले, तेही ज्यांचे वेचायचे वय सरले अशा आजीबाईंच्या जोरावर, आणि प्रत्येकीच्या घरचे नातवंड सांभाळायला केंद्रातच एक जण ठेवून. त्या बाईलाही मजुरी.

पंगतीचे काय? समितीने ठरवले की वर्ग संपला की जेवण एकत्र, एकाच ओळीत, शिकवणारे आधी. नोंदणी करतानाच ते सांगितले आणि गावातल्या बैठकीतही सांगितले. गटातल्या दोघी महिनाभर आल्या नाहीत. एक परत आली आणि काही न बोलता काकांच्या शेजारच्या पाटावर बसली. दुसरी आलीच नाही. तिचे गोधडीचे टाके सगळ्यांत सुबक होते, हे लिहिताना वाईट वाटते, पण निर्णय बदलावासा वाटत नाही.

निकाल

पुढच्या वर्षाचा हिशोब असा. हिवाळ्यातले उत्पन्न जवळपास निम्म्यावर आले. वाळवणाच्या दोन महिन्यांनी त्यातले बरेचसे भरून काढले, सगळे नाही. मजुरी वाढल्याने हातात उरणारी रक्कम आधीपेक्षा कमीच. रविवारच्या वर्गाचे शुल्क ८०० वरून १,१०० केले. काही जुने लोक नाराज झाले, नवे आले.

गावातल्या ११ जणींपैकी ९ जणी फेब्रुवारी ते मे सलग आल्या. शिकवणाऱ्यांचा खाडा दोनदाच झाला, एकदा मयतीमुळे आणि एकदा एसटी न आल्यामुळे. बांबूला शिकाऊ दोघेच टिकले, त्यांतली एक मुलगी आहे. बारावी झाल्यावर काय करणार, विचारले तर "नर्सिंग" म्हणते. काका त्यावर हसतात आणि तिला परडीचा काठ बांधायला शिकवतात.

रोटी मावशींखालोखाल आता दोघींना येते. खरे सांगायचे तर दीड जणीला. एकीची मडक्यावर नीट बसते, दुसरीची ताणताना अजून फाटते.

नागपूरच्या त्या शिक्षिका आजही येतात, वर्षातून चारदा, शिकायला. पैसे भरून. मावशींनी त्यांना एकदा सगळ्यांसमोर रोटी टाकायला लावली, आणि ती बसली.

वेगळे काय करता आले असते

रजिस्टर. दोन रजिस्टरे पहिल्या वर्षाअखेर शेजारी ठेवली असती तर पुढचे निम्मे घडलेच नसते. हजेरी घेणे आणि हजेरी वाचणे ही दोन कामे आहेत. आम्ही एकच करत होतो.

शहरातली शिक्षिका आणण्याआधी मावशींना विचारायला हवे होते हे तर उघडच. त्याहून खोल चूक अशी की प्रमाणाची तक्रार आली तेव्हा आम्ही ती शिकवणाऱ्याची उणीव धरली. नातीचा वजनकाटा आम्हालाही सुचू शकला असता. त्याला ना डिग्री लागत होती, ना पैसा.

पैसे परत करण्याचा नियम आधीच लिहून ठेवायला हवा होता. त्या रविवारी आम्ही मागणाऱ्या दोघांना दिले आणि न मागणाऱ्या १२ जणांना नाही. त्यांतल्या काहींना ते नंतर कळले, आणि त्यांचे रागावणे रास्त होते.

एका बाबतीत आमचे अजूनही एकमत नाही. आमच्याकडे शिकून गेलेल्या एका जणाने नागपुरात लंबी रोटीचे स्वतःचे वर्ग सुरू केले, मावशींच्या हातांचा व्हिडिओ जाहिरातीत वापरून. समितीतले काही जण म्हणाले, वर्गात मोबाइलवर बंदी घाला, लेखी करार घ्या. मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "व्हिडिओ पाहून रोटी येत असती तं माह्या सुनेले काऊन नाही येत?" बंदी घातली नाही. पण व्हिडिओ कोणाच्या हातांचा आहे हे लिहिल्याशिवाय टाकायचा नाही, एवढे आता नोंदणीच्या कागदावर आहे. ते पुरेसे आहे असे मला वाटत नाही. गुरुजींना वाटते.

आणि गोदामाचा करार. तो सुरुवातीपासून माझ्या नावावर आहे, कारण तेव्हा कोणालाच ते महत्त्वाचे वाटले नव्हते. येत्या मार्चमध्ये तो संपतो. नवा करार बचत गटाच्या नावाने व्हावा असे मी सुचवले. गटातल्या दोघी तयार आहेत, तिसरी नवऱ्याला विचारून सांगणार आहे. मावशी ना गटात ना समितीत, पण आता त्यांना विचारल्याशिवाय काही ठरत नाही, म्हणून त्यांच्याकडेही गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "नाव मंग टाकू. आधी लाइटचं बिल किती थकलं थे पाहा."

चार महिन्यांचे थकले होते.